कामठा शिकायचा तर सातपुड्यापासून

जळगाव किंवा धुळ्यात राहणाऱ्या एखाद्याला स्वतःच्या हाताने धनुष्य करावेसे वाटले, तर आज माहितीची वाण नाही. इंग्रजी पुस्तके आहेत, तासन्‌तास चालणाऱ्या चित्रफिती आहेत, आणि त्या सगळ्यांत पहिली सूचना एकच असते : चांगले लाकूड निवडा. मग नावे येतात यू, एल्म, ॲश, हिकरी, ओसेज ऑरेंज अशी. यांतले एकही झाड तापीच्या खोऱ्यात उगवत नाही. म्हणून हौशी माणूस वखारीत जाऊन सागाची एक पट्टी फाडून आणतो, तिला दोरी बांधतो, ओढतो आणि ती मोडते. यातून तो निष्कर्ष काढतो की ही विद्या परदेशातल्या लाकडाची आहे, आपल्याकडे ती जमायची नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. त्याच जिल्ह्यांच्या उत्तरेला, रावेर, यावल, चोपडा, शिरपूरपासून पुढे नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला आणि माथ्यावर भिल्ल, पावरा, बारेला समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या तीरकामठा केला आणि वापरला. तो बांबूचा आहे, त्याची दोरीसुद्धा बांबूची असते. खानदेशातल्या नवशिक्याने धनुष्याचा पहिला धडा इथूनच घ्यावा, असे माझे म्हणणे आहे. मुलखाचा अभिमान हे त्यामागचे कारण नाही. बांबूचा स्वभाव, इथली हवा आणि धनुष्याचे यंत्रशास्त्र या तिन्ही गोष्टी त्याच दिशेला बोट दाखवतात, आणि ते कसे हे नीट पाहण्यासारखे आहे.

आधी धनुष्य करते काय ते पाहू. माणसाचा हात दगड फेकतो तेव्हा स्नायूंना ताकद लावायला क्षणभराचाच अवधी मिळतो. धनुष्य ओढताना तीच ताकद सावकाश, सेकंद-दोन सेकंद घेऊन भरता येते आणि सोडताना ती एकदम बाहेर पडते. समजा, पूर्ण ओढल्यावर सुमारे १४ किलोचा जोर लागणारे धनुष्य आहे आणि दोरी मूळ जागेपासून अर्धा मीटर मागे येते. त्यात साठणारी ऊर्जा साधारण साडेतीन किलोचे ओझे एक मीटर उचलायला लागते तेवढी भरते. आकडा लहान वाटतो. पण तिच्यातला साठ टक्के भाग जरी ३० ग्रॅमच्या बाणाला मिळाला, तरी बाण ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. ही सगळी ऊर्जा धनुष्याच्या कांबेच्या, म्हणजे त्याच्या वाकणाऱ्या दांड्याच्या, तंतूंत साठलेली असते. धनुष्य वाकते तेव्हा नेम धरणाऱ्यापासून दूर असलेली बाजू, म्हणजे धनुष्याची पाठ, ताणली जाते आणि त्याच्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. पाठीचा एक तंतू तुटला की चीर पडते, तशी ती धावत जाते आणि धनुष्य फाटते. पोट कमजोर असेल तर ते मोडत नाही, पण चुरगळते आणि कांब कायमची वाकडी राहते. धनुष्य करणे म्हणजे ताण आणि दाब कांबेच्या संपूर्ण लांबीवर असे वाटून देणे, की कोणत्याही एका जागेवर जास्तीचा भार येऊ नये.

सागाची पट्टी का मोडली, याचे उत्तर यातच आहे. वखारीतली फळी करवतीने कापलेली असते. करवतीला तंतूंची दिशा कळत नाही, ती सरळ रेषेत जाते. झाडातले तंतू मात्र थोडे तिरके, थोडे वळलेले असतात. त्यामुळे फळीच्या पृष्ठभागावर शेकडो तंतू मध्येच तुटलेले असतात आणि पाठीवर ताण आला की तिथूनच चीर निघते. म्हणूनच पाश्चात्य कारागीर लाकूड कापण्याऐवजी उभे फोडतात आणि पाठीवर झाडाच्या वाढीचे एकच वर्तुळ टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवतात. हे काम कठीण आहे. नवशिक्याची कित्येक लाकडे तेवढ्यातच वाया जातात. बांबूत हा प्रश्न निसर्गाने आधीच सोडवून ठेवलेला आहे. बांबूचे मजबूत तंतू सालीखाली सर्वांत दाट असतात आणि आत जावे तसे विरळ होतात. ते दोन पेरांमध्ये अगदी सरळ धावतात. कोयत्याने बांबू उभा चिरला की तो तंतूंच्याच वाटेने फुटतो. म्हणजे बांबूची सालीकडची बाजू ही तयार, अखंड पाठ आहे. तिला हात न लावणे एवढेच नवशिक्याचे काम उरते. ओढ सहन करण्यात बांबू भल्याभल्या लाकडांच्या पुढे जातो, दाब सहन करण्यात मात्र तो तेवढा बळकट नाही, आणि म्हणून पोटाच्या बाजूला सगळी काळजी एकवटावी लागते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे : चुका करायला एकच बाजू मोकळी राहते.

आता कोणता बांबू? सातपुड्याच्या उतारांवर मानवेल बांबू आढळतो, ज्याला वनस्पतिशास्त्रात डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस म्हणतात. या जातीचा एक गुण धनुष्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. कोरड्या, खडकाळ जागी वाढलेला मानवेल जाड भिंतीचा, कधी कधी जवळजवळ भरीव होतो. ओल्या प्रदेशातल्या पोकळ, पातळ भिंतीच्या बांबूतून धनुष्याला लागणारी जाडी मिळतच नाही, तर खानदेशासारख्या कमी पावसाच्या मुलखात ती आपोआप मिळते. शेतकऱ्याला जी हवा सोसावी लागते, तीच इथे कारागिराच्या कामी येते. पण रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घडांना टेकू देण्यासाठी जे बांबू विकत मिळतात, त्यांवर भिस्त ठेवू नये. ते किती वर्षांचे, कधी तोडलेले, याचा पत्ता नसतो. धनुष्याला तीन-चार वर्षांचा पक्का बांबू लागतो. पहिल्या वर्षाचा कोंब उंचीने पूर्ण वाढलेला दिसतो, पण त्याची भिंत अजून कच्ची असते आणि सुकताना ती आक्रसते. तोडायचा तो पावसाळा संपल्यावर, थंडीत. पावसाळ्यात बांबूत साखर आणि पिष्ट भरपूर असते आणि त्यावर भुंगेरे तुटून पडतात. पोखरलेल्या बांबूतून पिवळसर भुगा गळू लागला की तो धनुष्याच्या कामाचा राहत नाही. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तिचा हेतू हाच की पिष्ट धुऊन जावे. त्यानंतर सुकवणे सावलीत. जळगावचे मे महिन्यातले ऊन ४५ अंशांच्या आसपास जाते. त्या उन्हात उघडा टाकलेला बांबू बाहेरून झपाट्याने सुकतो, आत ओला राहतो आणि चरचर फाटतो.

इथवरची कामे निवडीची आणि धीराची आहेत. खरी विद्या यापुढे सुरू होते, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण नवशिक्यांची नव्वद टक्के निराशा याच टप्प्यावरची असते, असे म्हटले तरी चालेल. चिरलेल्या बांबूची साडेपाच फुटांची पट्टी घ्यावी, मध्यावर दीड इंच रुंद, टोकांकडे निमुळती होत अर्ध्या इंचापर्यंत. लांबी कमी करण्याचा मोह टाळावा. धनुष्य जेवढे लांब, तेवढा प्रत्येक इंचावरचा वाक कमी आणि मोडण्याची शक्यताही कमी. आतल्या पडद्यांचे अवशेष कोयत्याने साफ करावेत. बाहेरच्या गाठी मात्र तासू नयेत, तिथले तंतू वळसा घेऊन जातात आणि गाठ सपाट केली की ते तुटतात. मग पट्टीचे एक टोक जमिनीवर टेकवून मधोमध दाबावे आणि ती कुठे वाकते, कुठे ताठ राहते ते पाहावे. जिथे ताठ, तिथे पोटाच्या बाजूने खरवडावे. जिथे जास्त वाकते, तिथे पुन्हा हात लावू नये. एवढाच नियम आहे, पण तो पाळणे सोपे नाही. कारण कांबेचा ताठरपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात बदलतो, तर जाडीच्या बाबतीत तो तिच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठरपणा दहा टक्के घटतो. जाडी दहा टक्के कमी केली तर तो सत्तावीस टक्के घटतो. एक सेंटिमीटर जाडीच्या पट्टीवर दहा टक्के म्हणजे फक्त एक मिलिमीटर. रंध्याचे दोन-तीन जोरकस हात तेवढे काम करतात आणि कांब त्या जागी बिजागरीसारखी वाकू लागते. म्हणून शेवटच्या टप्प्यात रंधा बाजूला ठेवून कानस आणि चाकूची आडवी धार यांनी अगदी पातळ भुगा काढत जायचे असते.

याच टप्प्यात आणखी एक शिस्त लागते. भिंतीतल्या खुंटीवर धनुष्य मुठीशी टांगावे, जरा सैल दोरी लावावी आणि बाजारातला साधा लटकता काटा दोरीत अडकवून हळूहळू खाली ओढावे. दर दोन इंचांनी दूर उभे राहून दोन्ही भुजांचा वाक पाहावा, ताठ जागांवर पेन्सिलने खुणा कराव्यात, उतरवून खरवडावे, मग वीस-तीस वेळा हलकेच ओढून तंतूंना नव्या वाकाची सवय होऊ द्यावी आणि पुन्हा पाहावे. आपल्याला अखेर जेवढ्या वजनाचे धनुष्य हवे, त्याहून जास्त जोर कोणत्याही टप्प्यावर लावू नये. पहिल्या धनुष्यासाठी दहा-बारा किलोचे लक्ष्य पुरे. जास्तीची हाव धरणारा नवशिक्या अर्धवट जुळलेली कांब पूर्ण ओढून पाहतो आणि तिच्या पोटाची रग तिथेच संपवतो. ही कामाची पद्धत किती जुनी आहे, याचा एक पुरावा जगाला १९९१ साली मिळाला. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी या माणसाजवळ यू लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते, आणि ते अपुरे होते. त्यावर तासणीच्या खुणा स्पष्ट आहेत, दोरीसाठी खाच नाही. म्हणजे तो माणूस मेला तेव्हा त्याचे धनुष्य याच, भुगा काढण्याच्या टप्प्यावर होते. हत्यारे तांब्याची आणि गारगोटीची होती. यंत्रे आली म्हणून या कामातले डोळ्याचे महत्त्व काही कमी झालेले नाही. जे पाहायचे ते अजूनही डोळ्यानेच पाहावे लागते आणि किती खरवडायचे ते हातालाच कळावे लागते.

सातपुड्याच्या धनुष्याचे सर्वांत वेगळे अंग म्हणजे त्याची दोरी. जगातल्या बहुतेक धनुष्यांना ताग, अंबाडी, रेशीम किंवा स्नायूंची वळलेली दोरी असते. भिल्ल धनुष्याला बांबूच्याच सालीची सडसडीत पट्टी लावतात. ऐकणाऱ्याला हे अडाणीपणाचे वाटू शकते, पण त्याला आधार आहे तो फार जुना आणि वजनदार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्ये कशाची करावीत याची यादी आहे, तीत ताड, बांबू, लाकूड आणि शिंग ही द्रव्ये येतात, आणि लगेच दोऱ्यांची यादी आहे : मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणू, स्नायू. यातला अर्क म्हणजे खानदेशाच्या प्रत्येक बांधावर उगवणारी रुई, शण म्हणजे ताग आणि वेणू म्हणजे बांबू. राज्याच्या शस्त्रागारात ज्या दोरीला जागा होती, ती सातपुड्याने टिकवून धरली. तिच्यात तांत्रिक शहाणपणही आहे. वळलेली दोरी ताणली की थोडी लांबते आणि बाणाला मिळायची ऊर्जा त्या लांबण्यात थोडी खर्च होते. बांबूची पट्टी जवळजवळ लांबत नाही. ओल लागली तरी ती वळलेल्या दोरीसारखी आखडत-सैलावत नाही. तिचा दोष एकच, की तीव्र वळणावर ती तडकू शकते, म्हणून टोकांशी ती बांधण्याचे काम अनुभवी हातांचे आहे. नवशिक्याने पहिल्या धनुष्याला तागाची किंवा नायलॉनची पक्की दोरी वळून लावावी आणि बांबूची दोरी कारागिरापुढे बसून शिकावी. पुस्तकात पाहून ती जमणार नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

हवेचा मुद्दा इतिहासानेही तपासून दिलेला आहे. मध्य आशियातून आलेल्या फौजांची धनुष्ये शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने चिकटवून केलेली असत. ती आखूड, जोरकस आणि घोड्यावरून चालवायला सोयीची होती. पण सरस हा प्राणिज गोंद, पावसाळी दमटपणात तो मऊ पडतो आणि थर सुटू लागतात. हिंदुस्थानात पोलादाची धनुष्ये करण्याचा प्रघात पडला, त्यामागे हे एक मोठे कारण मानले जाते. पोलादी धनुष्य पावसाला भीत नाही, पण ते जड असते आणि बाणाला तुलनेने कमी वेग देते. एकसंध बांबूच्या धनुष्यात चिकटवलेले काहीच नसते, त्यामुळे सुटायलाही काही नसते. ओल धरली तर ते थोडे मंदावते, सुकले की पूर्ववत होते. जंगलात चार महिने पावसात राहणाऱ्या माणसाने जी निवड केली, ती इतर काही परवडत नव्हते एवढ्याच कारणाने केली असे मानणे अन्यायाचे होईल. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर भिल्लांचा प्रतिकार मोडता मोडेना, शेवटी १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली, आणि तरीही १८५८ च्या एप्रिलमध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या माणसांशी अंबापाणीला मोठी लढाई झालीच. त्या काळात बंदुका सर्वत्र होत्या, तरी डोंगरातला माणूस कामठा सोडत नव्हता. एकलव्याची आठवण म्हणून भिल्ल अंगठा न लावता दोन बोटांनी बाण सोडतो, असे सांगतात. श्रद्धेचा तो विषय आहेच, पण यंत्रशास्त्रही तिच्याशी भांडत नाही. आखूड धनुष्याची दोरी ओढल्यावर तीव्र कोन करते आणि बोटे चिमटतात, म्हणून तुर्क-मंगोल अंगठ्यात कडे घालून दोरी ओढत. लांब बांबूच्या धनुष्यात तो कोन मोकळा राहतो आणि बोटांनी ओढणेच सोयीचे पडते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बांबू हे लाकूडच नव्हे, ते गवत आहे, आणि ज्याला लाकडी धनुष्य शिकायचे त्याने बांबूवर वेळ का घालवावा? वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आक्षेप बरोबर आहे. पण शिकायची गोष्ट कोणती? वाक पाहणे, ताठ जागा ओळखणे, हाताला आवर घालणे. ही तिन्ही कौशल्ये बांबूवर येतात आणि लाकडावर जशीच्या तशी चालतात. फरक एवढाच की बांबूवर चुकले तर दुसरी पट्टी त्याच बांबूतून निघते. ज्याला लाकूडच हवे त्याच्यासाठीही आपल्या रानात उत्तर आहे. धामण हे झाड संस्कृतात धन्वन आणि धनुर्वृक्ष या नावांनी ओळखले जाते, त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक असते, आणि औतांचे व कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच करायची रीत आहे. कुऱ्हाडीच्या दांड्याला रोजचे हादरे सोसावे लागतात, तिथे टिकणारे लाकूड धनुष्याला योग्य ठरते यात नवल नाही. पण धामणीचा सरळ, बिनगाठीचा ओंडका मिळणे, तो फोडणे आणि वर्षभर सुकवणे हे दुसऱ्या इयत्तेचे काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी विश्वविजेते झाले, ते कंपाउंड धनुष्यावर. धातू, कार्बन तंतू, चाके आणि भिंगे यांच्या या युगात बांबू शिकून काय साधणार? अचूकतेच्या स्पर्धेत बांबूचे धनुष्य कार्बनपुढे टिकत नाही, हे मान्यच करायला हवे. पण पहिली गोष्ट म्हणजे, भारतातल्या राष्ट्रीय स्पर्धांत इंडियन राउंड नावाचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात बांबू-लाकडाचेच देशी धनुष्य चालते, आणि ५० व ३० मीटरवर नेम धरतात. परदेशी बनावटीचे धनुष्य घ्यायला लाखाच्या घरात पैसे लागतात, तिथे खेड्यातल्या मुलांना खेळात शिरायचे हे दार आहे. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याचा लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्यावरच हात बसवून पुढे तीन ऑलिंपिक खेळला, अर्जुन पुरस्काराचा आणि पद्मश्रीचा मानकरी झाला. दुसरी गोष्ट भूतानची. तिथे धनुर्विद्या हा राष्ट्रीय खेळ आहे, सव्वाशे मीटरहून दूरच्या लहानशा फळीवर नेम धरतात आणि आधुनिक कंपाउंड धनुष्ये आल्यावरही बांबूच्या पारंपरिक धनुष्यांच्या वेगळ्या स्पर्धा ते आवर्जून भरवतात. त्यामुळे तिथे बांबूचे धनुष्य करणाऱ्याला अजून गिऱ्हाईक आहे. स्पर्धा असेल तर कारागीर टिकतो, हा साधा व्यवहार आपल्याकडेही लागू पडेल. भुसावळ, शिरपूर, शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावी वर्षातून एकदा फक्त तीरकामठ्यांची स्पर्धा भरली, तरी बरेच बदलेल.

तिसरा आक्षेप शस्त्राचा. धनुष्य शिकवाल तर शिकारीला उत्तेजन मिळेल, असे काही जण म्हणतील, आणि यावल अभयारण्य व अनेर धरणाचे अभयारण्य याच पट्ट्यात असल्याने ही काळजी पोकळ नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याने शिकार हा गुन्हा ठरवला आहे, आणि त्यात पळवाट शोधू नये. बांबूच्या धनुष्याने नेम धरायला गवताच्या पेंढीवर बांधलेला कागद पुरतो. सुरक्षिततेचे नियम मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. बाण लावल्याशिवाय ओढून सोडू नये, कारण ती सगळी ऊर्जा मग धनुष्याच्याच भुजांत परत शिरते आणि ती फुटून चेहऱ्यावर येऊ शकते. लक्ष्याच्या मागे भिंत किंवा मातीचा उंच बांध असावा, पुढे कोणी नसावे. अर्धवट धनुष्य ओढून पाहताना तोंड बाजूला ठेवावे. हे नियम ज्याला कंटाळवाणे वाटतात, त्याने ही हौस धरू नये.

राहिला तो प्रश्न हक्काचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही विद्या आदिवासींची. शहरातल्या हौशी माणसाने ती उचलावी का? ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत आणि होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात तीरकामठा दिसतो, पाहुण्यांच्या सत्काराला तो भेट दिला जातो. त्यात त्या समाजाची अस्मिता आहे आणि बाहेरच्याने तिच्याशी खेळू नये, हे खरे. पण धनुष्य फक्त खांद्यावर मिरवण्यापुरते उरले, तर वाक जुळवणारा डोळा नाहीसा व्हायला एक पिढी पुरते. कॅलिफोर्नियात १९११ साली ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस इशी बाहेरच्या जगात आला. सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य करायला शिकून घेतले. इशी १९१६ मध्ये वारला, पोपचे पुस्तक १९२३ मध्ये आले, आणि अमेरिकेतली धनुष्य-हौस त्यावर उभी राहिली. ती विद्या वाचली, पण इशीच्या माणसांपैकी तिचा मान घ्यायला कोणीही उरले नव्हते. सातपुड्यात अजून तशी वेळ आलेली नाही. इथे करणारे हात आहेत, त्यांची मुले आहेत. म्हणून शिकणाऱ्याने कारागिराला गुरू मानावे, शिकवण्याचे पैसे द्यावेत, त्याच्या संमतीने त्याचे आणि गावाचे नाव सांगावे, आणि शिकलेले स्वतःच्या नावावर विकू नये. आश्रमशाळांत हस्तकलेच्या तासाला गावातलाच कारागीर मानधनावर बोलावला, तर याची सुरुवात आदिवासी मुलांपासून होईल, आणि ती तशीच व्हायला हवी. मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने बांबूकाम हे कमावते शिक्षण होऊ शकते, हे दाखवून दिले आहे. घनाचा नियम, ताण आणि दाब, ऊर्जेचे रूपांतर हे सगळे आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते. ते हातात धरून शिकवणारे साधन याच डोंगरात तयार आहे.

बांबू मिळवताना कायदा पाहावा. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे शेतात, बांधावर लावलेला बांबू तोडणे आणि नेणे सोपे झाले. जंगलातला बांबू मात्र आपल्या मर्जीने आणता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले आहे, आणि जिथे सामूहिक हक्क मान्य झाले आहेत तिथे ग्रामसभेला विचारून, तिला मोबदला देऊनच तो घ्यावा. वेळापत्रक ऋतू ठरवतो. दिवाळीनंतर, थंडी पडली की पक्का बांबू तोडावा, पाण्यातून काढून मकर संक्रांतीच्या सुमारास उभा चिरून सावलीत रचावा. फाल्गुनात पट्टी खरवडायला घेता येते. उन्हाळ्याचा कडाका सुरू होण्याआधी वाक जुळला पाहिजे, आणि मग जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात देऊन धनुष्य दोरी उतरवून आडवे टांगावे, म्हणजे जूनच्या पहिल्या सरींची ओल त्यात लवकर शिरणार नाही.